इंजिनचं वेगळं पातेलं

मुदखेड,
१२ जानेवारी २०२५

प्रिय माया,

सप्रेम जयभीम. तू, नागसेनराव आणि बाळ तिघंही खुशाल असाल. बाळाचा फोटो पाहिला. मुठी आवळून झोपलाय. थंडी वाढलीय, त्याच्या कानाला टोपडं बांधत जा. इकडं सगळं ठीक आहे.

मोबाईल असताना बाबा पत्र का लिहून राहिले, असं तुला वाटेल. काही गोष्टी फोनवर जमत नाहीत. जन्मभर रेल्वेत गँगमन होतो, हात हातोड्याला सरावलेला. अक्षर सांभाळून घे.

आधी एक काम. इंजिनसाठी तू लातूरहून खाण्याची पिशवी पाठवतेस, ती आता पाठवू नको. मका-सोयाबीन नसलेलं शोधून पाठवतेस, तुला त्याचा त्रास होतो. कुत्रं धडधाकट आहे, भलतं मनात आणू नको. मी त्याला घरीच करून घालतो.

तूच त्याला डॉक्टरकडं नेलं होतंस ते आठवतं का? अंगावरचे केस गेलेले, कानातून पाणी, खाजवून खाजवून रक्त. आनंदनं स्टेशनातून उचलून आणलेलं पिल्लू, धापा टाकत पळायचं म्हणून त्यानंच नाव ठेवलं इंजिन. आनंद गेला आणि वर्षाच्या आत कुत्र्याचे हे हाल. डॉक्टर म्हणाले, मका आणि सोयाबीन बंद करून बघा. आपल्या मुलखात सोयाबीन बंद करायचं म्हणजे काय! बिस्किटात तेच, तयार खाण्यात तेच, फोडणीच्या तेलात तेच. शेजारची पोरं मक्याचे कुरकुरे टाकायची, तर आमच्या हिनं, तुझ्या सासूनं, गल्लीभर भांडण केलं. शेजारीण म्हणाली, "मानसं सोयाबीनचं तेल खाऊन राहिलीत, आन कुत्र्याला करडीचं?" तर ही म्हणाली, "हाव, माझ्या आनंदचं कुत्रं हाय."

तेव्हापासून त्याचं पातेलं वेगळं. ज्वारीच्या कण्या, लाल भोपळा, शेळीच्या मटणाची छाटण, वरून चमचाभर करडीचं तेल. मीठ नाही, कांदा नाही. महिन्या-दोन महिन्यात केस परत आले.

आता ते मी करतो. पहिल्यांदा कण्या करपल्या, मग पिठल्यासारख्या पातळ झाल्या. आता बऱ्या होतात. त्यातलंच निम्मं मी माझ्या ताटात घेतो, वरून मीठ-तिखट टाकतो. दोघांचं भागतं.

आई का करत नाही, हे तू विचारशील. ते विचारशील म्हणूनच पत्र.

माया, पाण्याचा तांब्या जवळ घे आणि बसून वाच.

दसऱ्याच्या आधी तिच्या पायाला सूज आली. चालून सुजले म्हणाली. मग तोंडही सुजलं. विष्णुपुरीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, दोन्ही किडन्या गेल्यात. डॉक्टरांनी करायचं ते केलं. मी तिथंच वऱ्हांड्यात चटई टाकून राहिलो. कुत्र्याचं काय करायचं म्हणून आपल्या बसवंतच्या शेतावर सोडलं. भला माणूस, स्वतःहून घेऊन गेला. त्याला मी पथ्य सांगितलं होतं. पण सोयाबीन काढणीचे दिवस, घरात कुणाला उसंत नाही. जे त्यांच्या गड्यांना तेच कुत्र्याला. मक्याची भाकरी, सोयाबीनचं तेल, आणि मोकळं सुटलं की खळ्यावर तोंड घालायचं. बसवंतचा फोन आला, "काका, याच्या कानातून रक्त येऊन राहिलंय." तिला टाकून मला जाता येईना.

ती रोज विचारायची, "इंजिन कसं हाय?"

मी म्हणायचो, "झकास हाय. बसवंतच्या शेतात उड्या मारतंय."

एक दिवस माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "तुमाला खोटं बोलता येत न्हाई. आणा त्याला घरी. आन मी सांगते तसं करा. कण्या आधी भिजवायच्या." तोंडाला कोरड पडायची, दोन शब्द बोलून थांबायची, पण भोपळा किती घालायचा इथपर्यंत सगळं सांगितलं. मी चिडलो. म्हणालो, कुत्र्याचं काय घेऊन बसलीस, स्वतःचं बघ. तर म्हणाली, "तुमी एकट्यासाठी चूल पेटवणार न्हाई, मला ठाव हाय. त्याच्यासाठी पेटवताल."

दुसरं तुझ्याबद्दल बोलली. आनंदच्या अपघाताची बातमी आली, त्या धक्क्यानं तुझ्या पोटातलं राहिलं नाही. ते ती कधीच विसरली नव्हती. "मायाला आठवा लागलाय. बाळ होऊ द्या, तिचं दूध सुरू होऊ द्या, मग सांगा." माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला, शपथच घातली.

धम्मचक्र दिनानंतरच्या आठवड्यात ती गेली. पहाटे माझा हात धरलेला होता, तो सैल झाला. तेवढंच.

मग मी तुला फोनवर काय काय सांगितलं ते तुला माहीतच आहे. आई झोपलीय. आई विहारात गेलीय. आई किनवटला बहिणीकडं गेलीय, तिथं जंगलात रेंज नाही. बाळ झाल्यावर तू म्हणालीस, "आईला द्या ना, त्याचं रडणं ऐकवते." मी फोन ठेवून दिला आणि बॅटरी संपली म्हणून कळवलं.

नागसेनरावांना मी तेव्हाच सांगितलं होतं. त्यांच्यावर रागावू नको. तुला ट्रेनिंगचं सांगून ते मातीला आले, नंतर पुण्यानुमोदनाच्या विधीलाही आले. भन्तेजींसमोर माझ्या शेजारी बसले. लोकांनी विचारलं, हे कोण? मी म्हणालो, आमचे जावई. सुनेच्या नवऱ्याला दुसरं काय म्हणतात मला माहीत नाही.

कुत्र्याला मातीच्या दुसऱ्या दिवशी आणलं. अंग सगळं सोललेलं. घरभर हिंडलं, मोरीत पाहिलं, तिच्या खाटेखाली पाहिलं, मग उंबऱ्यावर येऊन पडलं. दोन दिवस काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी मी चूल पेटवली. त्यानं खाल्लं, मग मीही खाल्लं. आता पाठीवर बारीक केस आलेत. रात्री खाजवत नाही. मला तेवढीच झोप लागते.

तू लगेच निघू नको. एवढ्याशा पोराला घेऊन थंडीत गाडीत बसायचं नाही. उन्हाळा लागला की या. घर तुमचंच आहे.

बाळाला माझं नातं काय सांगायचं, ते तुम्ही दोघं ठरवा. काहीच नाही सांगितलं तरी मी वाईट वाटून घेणार नाही.

रडू येईल. येऊ दे. पण आधी त्याला पाज.

तुझा बाबा,
व्यंकटी