घर नातीला, टेप थोरल्या दिरांना, चिरंजीवांना सहीचा मान

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा लोकांना मोटार चालवायला शिकवणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा आमच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर माझेच विद्यार्थी. दोनदा नापास झाले तरी मी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, त्यामुळे दाखल्याची फी त्यांनी घेतली नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायला आलेले चहा पिऊन परत गेले.

यापूर्वीचं मृत्युपत्र, ज्यात मी सगळं काही एकुलत्या एका चिरंजीवांच्या नावे केलं होतं, ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर, वर-खाली मिळून चार खोल्या, पुढे एक गाडी उभी राहील एवढी जागा. हे घर माझ्या एकटीच्या नावावर असून बोजाविरहित आहे. ‘बोजाविरहित’ हा शब्द वकिलांनी एका दमात लिहून टाकला. तो कमवायला आम्हाला सहा वर्षं लागली, म्हणून इथे जरा थांबते.

आमच्या ह्यांना एका गाडीच्या शाळेच्या चार गाड्या करायची हौस आली. घर तारण ठेवून तीन कोऱ्या गाड्या आणल्या. शिकणारे तेवढेच राहिले आणि गाड्या दारात हप्ते खात उभ्या राहिल्या. शेवटी आम्ही दोघं कर्जाच्या सल्लागाराकडे गेलो. त्याने टेबलावर दोन कागद ठेवले. एक हप्तेबंदीच्या तडजोडीचा: घर राहील, पण पोटापुरतं ठेवून बाकी सगळी कमाई सहा वर्षं द्यायची, आणि नवे बूट घ्यायचे तरी त्याला विचारायचं. दुसरा दिवाळखोरीचा: देणं संपेल, घर जाईल, आणि जाहीर नोटिशीत नाव छापून येईल.

हे म्हणाले, “जाऊ दे गं घर. दोन खोल्या भाड्याने घेऊ. झोप तरी लागेल.”

मी म्हणाले, “तुम्हाला काय होतंय? नाव तुमचं छापून येईल, पण शेजाऱ्यांना तोंड मला दाखवायचंय!”

अर्थातच मी जिंकले. घर राहिलं. पुढच्या खोलीतला सोफा आणि पडदे आम्ही जागचे हलवले नाहीत. आतलं मात्र कपाटापासून पंख्यापर्यंत सगळं विकलं. कोणी आलं की आधी आतलं दार लावायचं, मग “या या, बसा” म्हणायचं. चिरंजीव तेव्हा शाळेत होते. त्यांना गणित कधी आलं नाही, पण दार लावायला मात्र पक्कं शिकले.

शेवटचा हप्ता भरला आणि त्याच आठवड्यात वरचं छप्पर गळायला लागलं. हे खाली बादली सरकवत म्हणाले, “घे, राखलंस ना घर?” आम्ही दोघं जिन्यात बसून पोट दुखेपर्यंत हसलो. त्यांची आठवण आली की मला ती बादलीच दिसते. कोणता कागद बरोबर होता ते मला आजही सांगता येत नाही. एवढं मात्र कळतं, की आम्ही वेळेत जाऊन बसलो म्हणून आमच्यासमोर दोन कागद तरी होते.

कलम २. थोरले दीर. आमची अडचण कळल्यावर हे गृहस्थ सांत्वनाला आले. “दिवाळखोरीच बरी, अब्रूचं काय घेऊन बसलात,” असं कळवळून सांगत होते. मी पाणी आणायला आत गेले, परत येते तो दीर भिंतीला टेप लावून खोली मोजताहेत. लिलावात घर स्वस्तात पडेल हा त्यांचा हिशेब. मला बघून इतके गडबडले की टेप तिथेच टाकून निघाले. त्या टेपने मी आजवर शिकाऊ लोकांना गाडी लावायच्या जागा आखून दिल्या. उत्तम टेप आहे. तो थोरल्या दिरांना साभार परत द्यावा. आता त्यांचं वय झालंय, स्वतःला लागणारी जागा मोजायला उपयोगी पडेल.

कलम ३. शिकवणीची जुनी गाडी आमच्या मेकॅनिकला. तिची त्याने माझ्या डॉक्टरांपेक्षा जास्त निगा राखली. या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक आहे. तो आधी काढून भंगारात द्यावा. चिरंजीव आयुष्यभर त्याच्याच भरवशावर चालवत आले. यापुढे त्यांच्या शेजारच्या सीटवर कोणी नाही.

कलम ४. बँकेत आहे ते माझ्या शेवटच्या खर्चाला आणि वकिलांना. उरलंच काही, तर छप्पर दुरुस्त करावं.

कलम ५. चिरंजीव. यांनी व्यायामशाळा काढली. आरसे, यंत्रं, स्वतःचा फोटो, सगळं कर्जाने. कार्डावर ‘उद्योजक’ असं छापून घेतलंय. मला दर रविवारी सांगतात, “आई, धंदा एकदम मस्त चाललाय.” गेल्या महिन्यात सूनबाई एकटी आली आणि स्वयंपाकघरात ढसाढसा रडली. राहत्या फ्लॅटवर जप्तीची नोटीस लागली होती. तिने ओढून नेलं म्हणून चिरंजीव सल्लागाराकडे गेले. तेच दोन कागद मिळाले, पण एकावरही सही करत नाहीत.

“म्हणतात, थोडं थांबू,” ती म्हणाली.

“कशासाठी थांबायचं?”

सूनबाई उठून कपबश्या विसळायला लागली. भली पोर आहे. मग माझं मलाच कळलं की चिरंजीव माझ्या जाण्यासाठी थांबलेत. त्या दिवशी मला फार लागलं. कशाला लपवू? दुसऱ्या दिवशी मी वकिलांकडे गेले.

वकील म्हणाले, “घर त्यांच्या नावे केलंत, तर कुठल्याही कागदावर सही करोत, ते घर देणं वसूल करणारेच नेणार.” म्हणजे सहा वर्षांचे आमचे हप्ते आरशांत जाणार. म्हणून कलम १ मधलं घर मी माझ्या नातीला, म्हणजे चिरंजीवांच्याच मुलीला देते. ती सज्ञान आहे, नर्सिंग शिकते, आणि जे दुखतं ते दुखतं म्हणून सांगते. आईबापांना घरात घ्यायचं का, ते तिने ठरवावं. मला विचारायला येऊ नये.

कलम ६. सूनबाईचं नाव या कागदात हक्कदार म्हणून नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराच्या नवऱ्याला किंवा बायकोला काही दिलं तर ते टिकत नाही. म्हणून माझी सोन्याची साखळी मी आजच तिच्या गळ्यात घातली.

अखेरची नोंद, सही करण्यापूर्वी वकिलांनी माझ्या सांगण्यावरून लिहिलेली: चिरंजीवांना आज बोलावून घेतलं. इस्त्रीचा शर्ट घालून, फळं घेऊन आले. वकिलांनी वरचा मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि सांगितलं, “साक्षीदार म्हणून सही करायची आहे. ज्याला काही मिळत नाही त्याचीच सही चालते.” चिरंजीवांनी फळांची पिशवी सोफ्यावर ठेवली. मग उठून त्यांनी आतलं दार उघडलं आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, “आई, मी बुडालोय गं.” मी म्हणाले, “माहितीये. सोमवारी सल्लागाराकडे जा. कुठला कागद, ते तुझं तू ठरव. आता मधे घर नाही.”

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर
साक्षीदार दुसरे: मृत्युपत्र करणारीचा मुलगा. व्यवसाय: उद्योजक (हा शब्द खोडला आहे), कर्जदार. (खाडाखोड माझीच आहे. सही: मुलगा)
ठिकाण: याच घराची पुढची खोली, आतलं दार उघडं असताना
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यात आहे तो