गळकी नोझलं आणि याडीचा डोळा

राळेगाव,
फेब्रुवारी १९६४

श्रीमान देवीलाल भाऊजींच्या सेवेशी, शंकरसिंगचा दोन्ही हात जोडून रामराम. (हात साबणाने धुतले आहेत, तरी कागदाला डिझेलचा वास येईल. तो मोटारीचा समजावा, माझा नव्हे.) आमच्या बसंतीबाईची कंबर आता कशी आहे? लेकरं शाळेत पोहोचतात की नुसती घरून निघतात? इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

आपली याडी, म्हणजे तुमच्या सासूबाई, मोतीबिंदू काढायला किती वर्षं नाही म्हणत होती, ते तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा यवतमाळला डोळ्यांचं शिबिर लागलं आणि ती एकाएकी हो म्हणाली. अट एकच, एसटीत बसणार नाही, पोराच्या मोटारीतच जाणार. आता पोराची मोटार म्हणजे काय, तर जिनिंगवाल्याच्या मुलाने टाकून दिलेली ती दोन माणसांची स्पोर्ट मोटार, जिच्यात मी मोडीतल्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. (तेव्हापासून ती नाक खाली घालून चालते, रस्त्यावर काही हरवल्यासारखी.)

शिबिर तोंडावर आलं आणि मोटारीने पांढरा धूर सोडायला सुरुवात केली. कच्च्या डिझेलचा वास, आणि सकाळी चालू व्हायचं नाव नाही. त्यात एक नवल असं की लोकांच्या मोटारी ऑइल पितात, आमच्या इंजिनातलं ऑइल मात्र रोज वाढत होतं. मी खुशीत होतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला मापाची काडी काढून दाखवत होतो. पीठगिरण्यांची इंजिनं दुरुस्त करणारा भीमराज आला, त्याने काडी हुंगली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी ती गुपचूप परत खोचली. डिझेल गळून ऑइलात उतरत होतं. कुठून, ते त्यालाही कळेना. त्याने टाकी धुतली, गाळणी बदलली, पंप उघडला, पंप बंद केला. (एक स्प्रिंग उरली, ती माझ्या खिशात आहे.) शेवटी इंजिन चालू ठेवून एकेका नळीचं नट ढिलं करत गेला. चांगल्या सिलिंडरची नळी ढिली केली की इंजिन अडखळते. दुसऱ्याची आणि चौथ्याची केली, तर इंजिनाला पत्ताच नाही. ती दोन्ही नोझलं बाहेर काढून, नळीला जोडून पाहिली. नोझलाने धुक्यासारखा फवारा मारायला पाहिजे. ही सर्दी झालेल्या नाकासारखी टिपकत होती.

नवीन नोझलं नागपूरहून मागवली. त्यांच्या बुडाशी तांब्याचे वायसर, म्हणजे चकत्या, नवे टाकायचे असतात, ते मी मागवायला विसरलो. जुनेच ठोकून सपाट केले. चालते का, म्हणून मी विचारलं. भीमराज म्हणाला, "चालते. पोहोचते का, ते मले नको विचारू."

शिबिराच्या दिवशी याडीला घेऊन निघालो. कळंबच्या पुढे दुसऱ्या नोझलाच्या बुडातून फुसफुस सुरू झाली, मग नोझल जागेवर हलायला लागलं, आणि मोटार एका बाभळीखाली थांबली ती थांबलीच. शिबिरात दुपारपर्यंतच नावं घेणार होते. ऊन चढत होतं. मी इंजिनात डोकं घालून उभा राहिलो, कारण याडीच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. तेवढ्यात मागून एसटीचा आवाज आला. याडी चाचपडत उतरली आणि काठी आडवी धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. एसटी थांबली. मी म्हटलं, तू तर एसटीत बसत नव्हती ना?

"मले डोळा पाहिजे, बापा," ती म्हणाली. "तू बस तुझ्या मोटारीपाशी."

मी मागून धावत चढलो. यवतमाळ येईपर्यंत माझा हात तिने सोडला नाही, आणि डोळा कापताना दुखते का, हे तीनदा विचारलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एसटीचं काही नव्हतंच. तिला ऑपरेशनचं भ्याव वाटत होतं, आणि माझी मोटार कुठंच पोहोचत नाही याची तिला खात्री होती. बाभळीखाली तिचं मन काहून फिरलं, ते मी विचारलं नाही. इंजिनात डोकं घालून मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या असतील, त्या ऐकून फिरलं असावं.

एका डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी जाड भिंगाचा चष्मा लावून बोटं मोजायला सांगितली, तर तिने त्यांच्या सदऱ्याचं एक बटन तुटलं आहे ते दाखवलं. मी बाहेर जाऊन थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. आता फार थकलो आहे, म्हणून इथेच थांबतो.

आपला,
शंकरसिंग

ता. क. मोटार बैलांनी ओढून घरी आणली. तांब्याचे वायसर तिकडे मिळत असतील तर पाठवावे.

आणखी ता. क. वायसर राहू द्या. खरं काम वेगळं आहे. काल याडीने मोटार पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. एक चक्कर मारून म्हणाली, "याचं छप्पर कोनं नेलं?" (इतके दिवस वारं लागते म्हणाली, की खिडक्या उघड्या आहेत असं मी सांगत होतो.) मग विचारलं, हेच घेतलं का तू? माझ्या तोंडून निघून गेलं की माझी मोटार दुरुस्तीला गेली, ही देवीलाल भाऊजींची आहे. याडी पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे राहायला येत आहे. फार काही बोलणार नाही, नुसती तुमच्याकडे पाहील. तेवढं सहन करावं, आणि बसंतीबाईला आधीच सांगून ठेवावं.