माझ्या पडवीतली डासांची बादली

योग्याकार्ता

ताई, इथूनच तुझ्या पाया पडते. गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला हटला का? आम्ही दोघं धडधाकट आहोत, निदान शरीरानं. मनाचं विचारशील तर नुसता संताप होतो आहे, आणि तो तुझ्याशिवाय ओतायचा तरी कुणावर?

तुला ठाऊकच आहे, गल्लीतले न्हाणीचे हौद तपासायचं काम इतकी वर्षं माझ्याकडे आहे. बॅटरी घेऊन वाकायचं आणि डासाची अळी दिसली की हौद उपसायला लावायचा. (लोक मला पाहून दारं लावून घेत, पण हौद घासत.) तर आरोग्यकेंद्रातली एक पोरगेलीशी डॉक्टरीण आली आणि माझ्याच पडवीत बादली ठेवून म्हणाली की हिच्यात डासांची अंडी आहेत, सांभाळा. या डासांच्या अंगात म्हणे कसलासा जिवाणू असतो, त्यामुळे डेंगीचा विषाणू त्यांच्यात नीट वाढत नाही. ते आपल्याकडच्या डासांशी जोड्या जमवतात आणि पुढची प्रजाही हळूहळू तशीच निपजते. म्हणजे ज्यांचा वंश मी बुडवत आले, त्यांची सोयरीक आता मीच जुळवायची! बादलीत त्यांच्यासाठी खाऊसुद्धा होता. (मला कधी कुणी पानाचा विडा दिला नाही.) पण मागच्या पावसाळ्यात शेजारच्या तुकीनेमबाईची पोरगी रेत्नो डेंगीतून मरता मरता वाचली. ते पांढरंफटक तोंड आठवलं आणि मी हो म्हटलं.

पुढचं ऐक. आमच्या ह्यांनी लग्न झाल्यापासून स्वतःचा चहाचा पेला विसळलेला नाही. परवा मी भाजीला गेले आणि ह्यांनी आपणहून अंगण झाडायला घेतलं. साचलेलं पाणी दिसलं की उपडं करा, असं मी जन्मभर ह्यांच्या कानीकपाळी ओरडले, ते ह्यांनी नेमकं त्या दिवशी ऐकलं. बादली धुऊन उन्हात वाळत घातलेली, आणि हे शाबासकीसाठी दारात उभे. मी काय बोलले ते लिहीत नाही, भावोजी पत्र मोठ्यानं वाचतात.

डॉक्टरीण संध्याकाळी बादली बघायला येणार होती. गल्लीत अशी दुसरी बादली एकच, तुकीनेमबाईकडे. आणि ही बाई रेत्नोच्या दुखण्यापासून माझ्याशी बोलत नव्हती. का, तर हौद वेळेवर उपसला असता तर पोरगी आजारी पडली नसती, एवढंच मी चारचौघींत म्हटलं होतं. (खोटं होतं का? अळ्या मी या डोळ्यांनी पाहिल्या होत्या.) तरी गेले. बरणी पुढे केली आणि तिच्या बादलीतल्या थोड्या अळ्या मागितल्या.

ती सोयाबीनच्या टेम्पेच्या वड्या कापत होती. मानही वर न करता म्हणाली, "माझ्या घरात अळी सापडली तेव्हा गल्लीभर माझी अब्रू काढलीत. आता तुमच्या घरात सापडत नाही म्हणून माझ्या दारात आलात होय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मागे चुलीपाशी रेत्नो उभी होती. मनगट अजून काडीसारखं. माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवण जातं का गं आता नीट?"

तुकीनेमनं सुरी खाली ठेवली. उठली, माझ्या हातातली बरणी घेतली आणि आपल्या बादलीतून डावानं भरायला लागली. म्हणाली, "बसा. चहा घेऊन जा."

मग काय, अळ्यांची बरणी छातीशी धरून मी भर गल्लीतून आले. गल्लीच्या प्रमुखांनी विचारलं की कुणाच्या हौदात सापडल्या. उसन्या आणल्या, म्हटलं. ते अजून हसताहेत. डॉक्टरणीनं मात्र बादलीचं कौतुक केलं, आणि ते ह्यांनी हात जोडून स्वीकारलं!

तुझी,
वूर्यानी

ता. क. ईदला येशील तेव्हा तुझा तो डास मारायचा फवारा घरीच ठेव. आमच्या डासांना हात लावलेला मला चालणार नाही.

पुन्हा ता. क. तुमच्या सोलो शहरातली तळलेली भाताची खरवड दोन पुडे आण. एक रेत्नोसाठी, तिला फार आवडते. तुकीनेमला सांगू नकोस मी मागवली म्हणून.