गाठोड्यातलं शिसं

४ ऑगस्ट
ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन तू मध्येच आपटतोस, म्हणून हे पत्र. काल तू पाठवलेल्या टाकाऊ जाळ्यांचं गाठोडं कापायच्या यंत्रात घातलं, तर आत जाळं पाण्यात बुडवायची शिशाची वजनं तशीच! पातं फुटलं आणि तुकडा माझ्या कानाजवळून गेला. अरे, जाळी वितळवून आम्ही नायलॉनचे दाणे करतो, त्यांचे ब्रश होतात. शिशाचं काय करू?

गाठ बघताच ओळखलं. तशी उलटी गाठ बंदरावर तुझ्याशिवाय कोणी मारत नाही. आपल्या दोघांचे मालक विचारायच्या आत ती कापून खिशात घातली. पुढच्या आठवड्यात तुझी आणखी सात गाठोडी यंत्रात जायची आहेत. खरं सांग दादा, वजनं काढताना नीट दिसतं ना?

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी माया राहू दे.
तुझी धाकटी

८ ऑगस्ट
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

चाळीस वर्षं जाळी हाताळली मी, आणि आता तू मला शिकवणार? शहाणीच आहेस! शिसं बोटांना कळतं, डोळे हवेत कशाला? तुमचं यंत्रच खटारा. सातही गाठोडी बिनघोर टाक. वहिनी लिहिते म्हणाली, मी म्हटलं माझा हात काही मोडला नाही.
दादा

११ ऑगस्ट
ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनी, हे मोठ्याने वाच, काही गाळू नकोस. दादा, तुझ्या पत्रातल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. सही अर्धीच आहे, उरलेली बहुतेक टेबलावर उतरली. कधीपासून दिसत नाही तुला?

गाठोडी मी अडवून ठेवलीत. मालक भडकलेत, शनिवारपर्यंत कारण दे म्हणाले. सांगितलं तर तुझं काम जाईल. गप्प बसले तर पात्यासमोर मीच उभी असते रे. जीव टांगणीला लागलाय.

लवकर लिही, जमेल तसं लिही.
तुझी धाकटी

१४ ऑगस्ट
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वहिनीचं आहे, बोलणं माझं. डावा डोळा वर्षापूर्वीच गेला, उजव्याने गेले चार महिने नुसतं धुकं दिसतं. घरी बसायची भीती वाटली गं. तुकडा तुझ्या कानाजवळून गेला हे हिने पहिल्याच पत्रात वाचलं होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटते.

मालकांना आज फोनवर मीच सगळं सांगितलं. काम गेलं. तुला बोलणार नाहीत, तसा शब्द घेतलाय.

त्या सात गाठोड्यांत किती शिसं राहिलंय, मला खरंच माहीत नाही. एकही यंत्रात टाकू नकोस.

राग निवळला की दोन ओळी पाठव, वहिनी वाचून दाखवेल.
दादा