टाकीपर्यंत वीस फेऱ्या

४ फेब्रुवारी
मी सात वर्षांची असताना आत्या म्हणाली होती, या पोरीला कधी झोप लागलीच तर मला झोपेतून उठवून सांगा. चौतिशी आली तरी आत्याला उठवायची वेळ आली नाही. आज सासरी राहायला आले आणि जिना चढतानाच वाटलं, इथे झोप लागेल. खाली सासूबाईंचं शिवणाचं दुकान, वर तीन खोल्या, खिडक्यांना जाड पडदे. पाचवा महिना आहे. याआधी दोनदा हातातोंडाशी आलेलं गेलं, म्हणून बाळंतपणापर्यंत इथेच राहायचं ठरलंय. मी पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच सासूबाईंनी गळ्यातली टेप काढून पोटाचं माप घेतलं. छत्तीस. दोन गाऊन शिवणार आहेत, शिवणीत भरपूर माया सोडून. म्हणाल्या, पोट काय विचारून वाढतं का. थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते, दारातून हसत बघत होत्या. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. त्यांनी माझी पिशवी उचलली तेव्हा मलाच अपराधी वाटलं.

६ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. अंग दमेल, झोप लागेल. सासूबाईंनी लगेच मार्ग आखून दिला. दुकानापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आलं की एक फेरी. रोज संध्याकाळी आठ. त्या मशीनवर बसून मोजतात आणि दर फेरीला कापायच्या टेबलावर खडूची रेघ मारतात. आज मी सातव्या फेरीला बूड टेकायला गेले, तर म्हणाल्या, सूनबाई, शर्टाला एक बटण कमी लावलं तर चालतं का?
नवरा घोरतो तो कावळ्यांना उठवण्याइतका, म्हणून माझं अंथरूण वहिनींच्या खोलीत घातलं. दीर खाली दुकानात झोपतात. वहिनींना म्हणे वर्षानुवर्षं झोप नाही. मला म्हणाल्या, मी जागीच असते गं, पाणीबिणी लागलं तर हाक मार.

११ फेब्रुवारी
सलग सात तास झोपले. मी! जाग आली तेव्हा वहिनींचा ऊबदार हात माझ्या पोटावर होता आणि बाळ नेमकं त्या हाताखाली ढुश्या देत होतं. त्यांचे डोळे भरले. माझेही. त्यांच्या वाट्याला एवढं तरी यावं, असं मनापासून वाटलं. आज हौसेनं मीच फेऱ्या बारा केल्या.

१९ फेब्रुवारी
आता सोळा. दगडासारखी झोपते. नवरा चेष्टेनं म्हणाला, तुला उचलून चौकात ठेवून आलो तरी कळायचं नाही. सासूबाई हसल्या नाहीत. गाऊन घालून बघितला, सैल झाला. माप साडेपस्तीस. टेप जुनी, ताणली गेलीय, असं त्या म्हणाल्या.

२६ फेब्रुवारी
चौतीस. नव्या टेपनं.
गुरुवारपासून एकही ढुशी नाही. डॉक्टरीणबाईंकडे चल म्हटलं तर नवरा म्हणाला, पुढच्या आठवड्यात तारीख आहेच, जिवाला घोर लावून घेऊ नकोस.
दुपारी वहिनी मटार सोलत बोलत होत्या. वाक्याच्या मध्येच थांबल्या. हात बेंबीखाली गेला, ओठ किंचित उघडे राहिले. ते थांबणं मला ठाऊक आहे. बाई तशी एकाच कारणानं थांबते.
दुसरा गाऊन त्यांच्या अंगावर होता. नीट बसला होता.

२ मार्च
मी चालणार नाही म्हणाले. नवऱ्यानं कोपर धरून वीस फेऱ्या घालायला लावल्या. समोरची म्हातारी कौतुकानं म्हणाली, नवरा असावा तर असा.
झोपायचं नाही म्हणून मुठीत टाचण्या घेऊन आडवी झाले. सकाळी टाचण्या तळहातात रुतलेल्या, उशीला रक्त. आठ तास झोपले होते. वहिनी पाठीला पोट लावून — घट्ट.

५ मार्च
दवाखान्याची तारीख. मला नेलं नाही. गाडीत सासूबाई, नवरा, मध्ये वहिनी. फाइल माझी. हसत परत आले. ठोके छान आहेत म्हणे.

७ मार्च
सासूबाईंना सरळ विचारलं. त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, घरातलं घरातच राहिलं ना, परक्याकडे कुठे गेलं? तुझ्याकडे दोनदा टिकलं नाही. ती जागून सांभाळेल. तू तरणीताठी आहेस, तुला पुन्हा होईल.
मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, आई बोलते त्यात तथ्य आहे.

९ मार्च
एकोणतीस. लग्नातल्या ब्लाउजच्या वेळी कंबर एवढीच होती.
फेऱ्या चालूच. उरलंसुरलं राहायला नको, सासूबाई म्हणतात.
वहिनी माझे पाय चेपून देतात. प्रेमानं. खरंच प्रेमानं — हेच सहन होत नाही.

११ मार्च
मी दमून झोपले, म्हणून गेलं. दवाखाना सोडला तर वहिनी जिनाही उतरत नाहीत. दमायचं नाही, डोळा लागू द्यायचा नाही. आता कळलं.
पण त्यांचं पोट जड होत चाललंय. काल त्यांनी जांभई दिली. तोंड लपवलं. मी पाहिली —

१२ मार्च
खालून हाक आली. फेरीची वेळ.
वहिनींना विचारणार आहे. आज माझ्याबरोबर चला. एकच फेरी. हात धरा माझा, हळूहळू जाऊ. आल्यावर मी पाय चेपून देईन, शेजारी जागी बसेन —
त्या नाही म्हणतील. त्यांच्या जागी मी असते तर मीही —
तरी विचारते. पाया पडून. वहिनी, चला ना, फक्त टाकीपर्यंत.