फियाटचे आतले पॅनल

८ एप्रिल, मंगळवार
कुरुंद्याचे माधवकाका फियाट आमच्या सीटकामाच्या दुकानी सोडून गेले. जन्मभर हळदीचा व्यापार, तेच हात लागून दारांचे आतले पॅनल पिवळे झालेत. त्यांच्या वडिलांची गाडी. काही बदलायचं नाही, फक्त साफ करायचं. "दुसऱ्या कुनाला दिली नसती, सलीम. तू तुझ्या अब्बाचा लेक." छाती फुगली.

१० एप्रिल
पॅनल काढून साबणानं धुतले. पिवळ्याचं लालभडक! हळदीच्या मुलखात जन्मून हळदीला साबण लावला. रुखसाना हसली. म्हणाली, उन्हात टाका, कपड्याचा डाग जातो तसा जाईल. गच्चीवर टाकले.

११ एप्रिल
डाग गेला. पॅनलही गेले. आतला पुठ्ठा ओला होता, पापडासारखा वळला. रेक्झिनला भेगा. जुना पुठ्ठा सावलीत वाळवायचा, अब्बांनी शिकवलं होतं. घाई नडली. क्षणभर वाटलं, बायकोवर ढकलावं. तेही लिहून ठेवतो.

१३ एप्रिल
माधवकाकांचा फोन. सांगणार होतो, पण... "चाललंय," म्हणालो. माळ्यावर अब्बांच्या वेळचं रेक्झिन सापडलं, रंग बराबर तोच. नवा पुठ्ठा कापला.

१७ एप्रिल
नवं रेक्झिन पॉलिश पेपरनं घासलं, बूटपॉलिश चोळलं. हँडलपाशी जास्त, जिथं हात लागतो. जुनं वाटतं. इतकं मन लावून मी खरं काम कधी केलं होतं? लाज वाटते.

२० एप्रिल, रविवार
माधवकाकांनी पॅनलवरून हात फिरवला, डोळे भरून आले. "माझ्या बापाचा हात लागलाय याला. जसंच्या तसं ठिवलंस." शेजारच्या दुकानदारांनाही बोलावून दाखवलं. मी मान खाली घालून पाने-पक्कड आवरत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२७ एप्रिल
माधवकाका न सांगता घरी आले, यंदाची हळद घेऊन. अंगणात खाट टाकली. समोर शेळीच्या खोपटाला आडोसा: वळलेलं पॅनल, हँडलच्या भोकासकट. जाळून टाक म्हणालो होतो. रुखसानाला जाळवलं नसावं.

त्यांनी बघितलं. चहा संपवला. मग उठून खोपटापाशी गेले, भोकाभोवती बोट फिरवलं.

"शेळी गाभन हाय काय?"

"व्हय, काका."

"जप मग तिला."

एवढंच. गाडीचं दार एरवी धाडकन ओढतात, आज हळूच लावलं. हळदीची पिशवी खाटेवर तशीच आहे. रुखसाना विचारते, आत नेऊ का.