दीडच्या गाडीचा तांब्या

पाचोरा,
कार्तिक वद्य ६, शके १८५९

चि. सौ. सुनंदा हिस,

पाचोऱ्याहून तुझ्या सासूचा पोटभर आशीर्वाद. मी आणि तुझी वेणू खाऊन-पिऊन आहोत. पितांबरचं धुळ्याहून कार्ड आलं. जिनात कापसाच्या गाड्यांची रीघ लागली आहे, पंधरा दिवस तोंड दाखवता येणार नाही म्हणतो. थंडी पडू लागली. शेळी मेली लाथा मारते.

अक्षर बघून दचकू नकोस. एरवी माझी पत्रं शेजारचा भटू लिहितो, पण हे त्याला सांगून लिहवण्यातलं नाही. माझ्या वडिलांनी मला दुसरीच्या पुस्तकापर्यंत आणून सोडलं होतं आणि तुझ्या बाळंतपणात तू खाटेवर पडल्या पडल्या ती बुजलेली अक्षरं उजळून घेतलीस. चुका काढू नकोस. इथं तू मास्तरीण नाहीस.

तुझं पत्र मिळालं. दूध आटत चाललं, अर्धा तांब्याही भरत नाही, वेणू वाळली ती माझ्याच दुधात कस नाही म्हणून, तेव्हा महिनाअखेर नोकरीचा राजीनामा देऊन घरी येते, असं तू लिहितेस. सुनंदा, राजीनामा देऊ नकोस. निदान हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय तरी नको. मी रागाने म्हणत नाही. रागवायचा अधिकार आता तुझा आहे, तो कसा ते पुढे येईल.

तू एकदा लिहिलं होतंस ना, मधल्या सुट्टीत नकाशांच्या खोलीत कडी लावून बसतेस, समोर भिंतीवर हिंदुस्थान टांगलेला असतो, आणि वेणू डोळ्यांपुढे आणल्याशिवाय दूध उतरत नाही. ते वाक्य मी कितीदा वाचलं असेल. दुपारी ओसरीवर पोर मांडीवर घेऊन बसलं की उन्हात कापसाचे तंतू तरंगतात, कुठून येतात नि कुठं जातात कळत नाही. मला डुलकी लागते, आणि त्या डुलकीत मी तुझी ती खोली बघते. कधी न पाहिलेली. त्यात तू पाठमोरी असतेस, खालच्या वाटीत टपटप आवाज होतो, आणि नकाशातल्या सगळ्या निळ्या नद्या पांढऱ्या होत जातात. मग गिरधरची हाक येते आणि मी जागी होते.

गिरधर मोठा इमानी माणूस. तुझ्या जळगावला पेरू विकून दीडच्या गाडीनं परत निघायचं आणि तुझा कल्हईचा तांब्या ओल्या फडक्यात बांधून मांडीवर धरून आणायचा. दारात उभा राहून रोज तेच म्हणतो, "काकू, सूनबाईनं धाडं शे, सांभाळीसन ल्या." तू झाकणाशी दृष्ट लागू नये म्हणून कोळशाचा खडा बांधतेस. तो मी सोडते, फडकं सोडते, झाकण काढते.

पुढचं लिहायला हात अडतो. चूल बघून येते.

आले. चुलीला काही झालेलं नव्हतं.

सुनंदा, तुझं दूध वेणूच्या पोटात गेलंच नाही. भाद्रपदापासून दोन महिने मी ते मागच्या दारच्या केळीच्या बुंध्याशी ओतत होते.

माझी सासू सांगायची की अंगाबाहेर पडून थंडावलेलं दूध शिळं, ते पोराला पाजू नये. ऊन करावं तर तेही नाही, आईचं दूध विस्तवावर चढलं की आईला आटतं. पायदळी पडू द्यायचं नाही, मुंग्यांना लागू द्यायचं नाही. मग झाडाच्या मुळाशीच ओतायचं. आम्ही हेच ऐकत मोठ्या झालो. पहिल्या दिवशी मी खरंच त्या भीतीनं ओतलं, देवाशपथ. आणि वेणूला शेळीचं पाणी घातलेलं दूध बोंडल्यानं पाजलं.

पण भीती आठ दिवसांची असते. पुढचे दिवस मी भीतीनं ओतलं नाही.

मी पाच पोरं जन्माला घातली, त्यातला एक पितांबर राहिला. प्रत्येक वेळी सव्वा महिना झाला की मी वेचणीला नाहीतर निंदणीला रानात. दुपारपर्यंत चोळी भिजायची, छाती दगड व्हायची, मग बांधाआड बसून काळ्या मातीत पिळायचं. घरी पोर पिठाच्या पाण्यावर. माझं दूध कुणी तांब्यात घालून, ओल्या फडक्यात बांधून, मांडीवर धरून घरी नेलं नाही. तुझा तांब्या दारात आला की मनात यायचं, हिच्यासाठी गाडी येते, माणूस येतो! मला तुझा हेवा वाटला. सरळ शब्द लिहिते, हेवा.

आणि वेणूचा लोभ. तू नोकरी कर पण पोर इथंच राहील, हे मी म्हटलं. दर रविवारी येऊ नकोस, तू गेलीस की पोर दोन दिवस रडतं, हेही मीच म्हटलं. ते खोटं होतं. तू गेल्यावर ती रडायची नाही, दाराकडे बघत राहायची. दिवाळीत तू तिला पदराखाली घेतलीस तर तिनं तोंड फिरवलं आणि माझ्याकडे झेप घेतली. तू मोरीत जाऊन तोंड धुतलंस. मला सगळं कळलं होतं आणि मला आतून गोड वाटत होतं. पोर वाळलेलं दिसत होतं, तू सारखी म्हणत होतीस की माझ्याच दुधात कमी, आणि मी तुझ्या ताटात लाडू वाढत होते. एवढं माझं तोंड शिवलेलं होतं.

अजून एक आहे. ते लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

त्या दुपारच्या डुलक्यांमध्ये वेणू रडली की मी तिला छातीशी घ्यायची. माझ्या. या सुकलेल्या. ती ओढायची, काही नसायचं, तरी ओढता ओढता झोपायची. आणि मला त्या झोपेत, ऊन आणि कापूस आणि तिचा श्वास, सगळं एक होऊन वाटायचं की दूध येतंय. खरंच अंगातून झरा सुटल्यासारखं वाटायचं. मी वीस-बावीस वर्षांची असायची, रानात गेलेलीच नसायची, सगळी पोरं अंगणात खेळत असायची. इतकं सुख मला जन्मात कधी मिळालं नव्हतं गं. जाग आली की पोर कोरड्या ओठांनी झोपलेलं असायचं. उपाशी.

परवा शेळी आटली, थेंब देईना. वेणूचं रडणं आळीला ऐकू गेलं. गिरधर दारात आला, म्हणाला, "काकू, पोर का रडी ऱ्हायनी?" मी म्हटलं, "काही नही रे, दात यी ऱ्हायनात." तो तांब्या ठेवून गेला. मी फडकं सोडलं, ते तिच्या तोंडावरून घसरलं, आणि पोर गप्प. मान वळवून फडक्याकडे तोंड उघडू लागलं, जशी नुकती जन्मलेली वासरं उघडतात. तुझा वास गं, दुसरं काय असणार. सहा महिन्यांच्या पोराला कळलं आणि मला कळत नव्हतं.

तसंच थंड दूध बोंडल्यात भरलं. काही बाधलं तर पितांबरला काय सांगू. ती घटाघटा प्यायली. अर्ध्या तांब्याला कमीच होतं, सगळं प्यायली आणि बोंडलं चोखत राहिली. रात्रभर मी तिच्या पोटावर हात ठेवून होते. काही झालं नाही. काल दिलं, आज दिलं. आज ती हसली, माझ्याकडे बघून नाही, गिरधरची हाक ऐकून.

तेव्हा तुझ्या दुधात कस आहे, सुनंदा. कमी तुझ्यात नव्हती. आटलंय ते पोरानं ओढलं नाही म्हणून. आमच्या प्रमिलाबाई सुईणीला मी विचारलं, दुसऱ्याचं नाव सांगून. ती म्हणाली, पोर अंगावर लावलं की आठ दिवसांत परत येतं, तोंड फिरवलं तरी भुकेच्या वेळी पुन्हा पुन्हा लावत राहायचं.

म्हणून मी शनिवारी सकाळच्या गाडीनं वेणूला घेऊन जळगावला येते. शेळी गिरधरच्या बायकोकडे बांधली. घराची किल्ली भटूकडे. तुझ्या खोलीत तुम्हा मायलेकींच्या जागेत मी तिसरी मावेन, नाही मावले तर दारात झोपेन. मधल्या सुट्टीत पोर घेऊन शाळेत येत जाईन. तुमच्या मोठ्या बाई काही बोलल्या तर त्यांना माझ्याकडे पाठव. माझं तोंड सगळ्यांपुढे शिवलेलं नसतं. पितांबरला हे सारं सांगायचं की नाही ते तू ठरव. तू सांगितलंस तर मी नाकारणार नाही.

माफी मागते. ती लगेच दे असं म्हणत नाही, कधीच दिली नाहीस तरी चालेल.

एकच कर. स्टेशनवर वेणूला तुझ्या हाती दिली की ती रडेल आणि माझ्याकडे झेपावेल. दोन महिन्यांची सवय आहे. मीही हात पुढे करीन, मला आवरणार नाही. तरी तिला सोडू नकोस. माझ्या हातांकडे बघू नकोस आणि चालू लाग.

तुझी अपराधी,
वेणूची आजी, भिकुबाई